दोघांची एक छत्री

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पहाडगंज येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने मंडळाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, दिवंगत कार्यकर्त्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करावे आणि परप्रांतात मराठी कशी टिकवावी याविषयी दोन हिताचे शब्द सांगावेत, असा प्रघात आहे. ते कार्य आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी याच व्यासपीठावरून उत्तम रीतीने पार पाडले आहे. म्हणून कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'विमानातून उडी' असे सांगून मोकळे झालो. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी अतिशय काळजीच्या स्वरात विचारले, "साहेब, प्रकृती ठीक आहे ना?"

प्रकृती ठीक आहे, हे आपण पाहतच आहात. केंद्र सरकारच्या सेवेत टेबलामागे बसून आयुष्य घालवलेला, पंचावन्नावे वर्ष उलटलेला, मधल्या भागात थोडा विस्तार पावलेला मनुष्य गेल्या फेब्रुवारीत दहा हजार फुटांवरून खाली आला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कचेरीत हजर झाला, एवढीच वस्तुस्थिती. परंतु त्या उडीने आमच्या मनात एक प्रश्न सोडला आहे. तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रारंभ झाला तो एका छायाचित्राने. आमची पुतणी मेलबर्नला असते. त्या शहराच्या ईशान्येस यारा नदीचे खोरे आहे आणि ते वाइनच्या द्राक्षांसाठी जगप्रसिद्ध आहे. तेथे हौशी मंडळींना विमानातून उंच नेतात, अनुभवी प्रशिक्षकाच्या देहाला बांधतात आणि त्या जोडीला द्राक्षमळ्यांवर सोडून देतात. पहिल्यांदाच उडी घेणाऱ्यास यासाठी पूर्वी काही शिकावे लागत नाही. अर्धा तास सूचना ऐकल्या की झाले. पुतणीने अशी उडी घेतली आणि छायाचित्र पाठवले. खाली हिरव्या ओळींची वही उघडून ठेवावी तशी जमीन आणि वर ही हसते आहे.

ते चित्र आम्ही पिंपळगाव बसवंतला आमच्या थोरल्या बंधूंना दाखवले. ते द्राक्षबागायतदार. ऑक्टोबरची छाटणी झाली की मणी भरेपर्यंत त्यांची नजर जमिनीवर कमी आणि आकाशाकडे अधिक असते. चित्र पाहून ते शांतपणे म्हणाले, "त्यांच्या बागांवर माणसे उड्या मारतात. आमच्या बागांवर गारा मारतात." नाशिकची द्राक्षे, १९९७ साली गंगापूर धरणाच्या परिसरात झालेली वाइनद्राक्षांची लागवड, २००१ चे राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण, यांमुळे आज आपल्याकडेही मळे पाहावयास लोक लांबून येतात. परंतु बागायतदाराला आकाश म्हणजे काय ते पर्यटकापेक्षा अधिक ठाऊक असते. बंधूंचे हे वाक्य पुढे आमच्या फार उपयोगी पडले.

ते छायाचित्र आमच्या कन्येनेही पाहिले. गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलीला ऑस्ट्रेलियाचे भाडे परवडत नाही. पण तिने शोधून काढले की राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडणाऱ्या महेंद्रगड जिल्ह्यात, नारनौलजवळ बाछोद येथील धावपट्टीवरून अशाच जोडउड्या होत आहेत. तेथे द्राक्षे नाहीत, मोहरी आहे, एवढाच फरक. तिने आमची अनुज्ञा मागितली नाही, माहितीसाठी कळवले. आम्ही मात्र सवयीने त्या माहितीची नस्ती उघडली.

सौ.चे मत एका शब्दात होते, ते येथे सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्या मातोश्री ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ज्याच्या अंगाला बांधणार, त्याच्या घरी कोण आहे?"

आम्ही म्हणालो, "आई, त्याचा येथे काय संबंध?"

त्या म्हणाल्या, "घरी कोणी वाट पाहत असेल तर तो स्वतःला जपेल. त्याने स्वतःला जपले की आपली पोर आपोआप जपली जाईल. छत्री एकच आहे ना दोघांची?"

कला शाखेच्या पदवीपुरतेच आमचे शिक्षण. पदार्थविज्ञानाशी शाळेनंतर गाठ पडली नाही. तरीही त्या रात्री आम्ही हा विषय वाचावयास बसलो, आणि जे हाती आले ते थोडक्यात सांगतो. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे उद्या हाच हट्ट धरणार आहेत.

छत्रीने उतरण्याची कल्पना नवी नाही. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नेरँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने फुग्यातून सुमारे तीन हजार फूट उंच जाऊन कापडी छत्रीने खाली येऊन दाखवले. आपल्या देशात ही विद्या सैन्यामार्फत आली, आणि तिचा आपल्या दिल्लीशी निकटचा संबंध आहे. १९४१ साली येथील विलिंग्डन विमानतळावर, ज्याला आज आपण सफदरजंग म्हणतो, छत्रीसैनिकांची शाळा निघाली. तीच पुढे चकलाल्यास हलली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला लेफ्टनंट ए. जी. रंगराज हे सैन्यातील डॉक्टर आणि हवालदार-मेजर मथुरासिंग यांनी उडी घेतली. छत्रीने उतरणारे ते पहिले भारतीय सैनिक मानले जातात. स्वातंत्र्यानंतर हे शिक्षण आग्र्यास होऊ लागले.

महाराष्ट्रीयांनी अभिमानाने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण. ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या युद्धात याच पलटणीने टांगाइलजवळ आकाशातून उतरून शत्रूच्या माघारीची वाट अडवली, आणि पाच दिवसांनी डाक्यात प्रथम पोहोचलेल्या भारतीय सैनिकांत तिचे जवान होते. गडाच्या कड्यावरून दोराने उतरणाऱ्यांचा वारसा असा विमानापर्यंत पोहोचला.

आणि आपल्या पुण्याची कन्या शीतल महाजन! १८ एप्रिल २००४ रोजी, वयाच्या बाविशीच्या आत, त्यांनी आयुष्यातली पहिली उडी घेतली ती थेट उत्तर ध्रुवावर, शून्याखाली सदतीस अंश तापमानात. २००६ साली त्या अंटार्क्टिकाच्या भूमीवर उतरल्या, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या सान्निध्यात २१,५०० फुटांवरून. नऊवारीचा हा दाखला आम्ही सौ.पुढे ठेवला होता. त्याचा उपयोग झाला नाही.

हे सारे प्रशिक्षितांचे वा असामान्यांचे पराक्रम. तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी जी जोडउडी आहे ती मात्र १९८०च्या दशकातील निर्मिती. अमेरिकेत बिल बूथ आणि टेड स्ट्राँग या दोघांनी दोन माणसांना पेलणारी मोठी छत्री आणि पट्ट्यांची रचना प्रचारात आणली. उतारूची पाठ प्रशिक्षकाच्या छातीला लागते. दोन आकड्या खांद्यांशी, दोन कमरेशी. दोन देहांचे वजन एकत्र पडू लागले की वेग फार वाढतो, म्हणून उडी घेताच प्रशिक्षक एक लहानशी छत्री मागे सोडतो. तिच्यामुळे वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरवर स्थिरावतो. दहा हजार फुटांवरून सुटले तर अर्ध्या मिनिटात पाच हजार फूट संपतात. मग मोठी छत्री उघडते, आणि पुढली पाच-सहा मिनिटे मनुष्य पक्ष्यासारखा तरंगत खाली येतो.

मोठी छत्री न उघडली तर? तर पाठीवरच दुसरी, राखीव छत्री असते. तिची घडी परवानाधारक कारागीर घालतो, धाग्याने बांधतो, त्यावर मोहोर लावतो आणि सोबतच्या पत्रकावर दिनांक घालून सही करतो. अमेरिकेत दर १८० दिवसांनी ती उलगडून पुन्हा घालावी लागते, मग ती वापरली गेली असो वा नसो. आणि दोघेही काही कारणाने बेशुद्ध पडले तर? त्यासाठी एक लहान यंत्र असते. ठरलेल्या उंचीखालीही पडण्याचा वेग कमी झाला नाही तर ते आपण होऊन राखीव छत्री मोकळी करते. १९९१ साली जर्मनीत निघालेल्या अशा यंत्राने आजवर पुष्कळांचे प्राण वाचवले आहेत.

आकडेही सांगतो, कारण सरकारी मनुष्याला आकड्यांवाचून चैन पडत नाही. अमेरिकेतील छत्रीधाऱ्यांच्या संघटनेने २०२३ साली त्या देशात सुमारे साडेछत्तीस लाख उड्या आणि दहा मृत्यू नोंदले. जोडउडीत पहिलटकराला धोका त्याहूनही कमी, म्हणजे साधारण पाच लाखांत एक, असे ती संघटना सांगते. वयाचे म्हणाल तर अमेरिकेचे माजी अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी आपला नव्वदावा वाढदिवस, जून २०१४ मध्ये, जोडउडी घेऊनच साजरा केला. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोजवळ डोरोथी हॉफनर नावाच्या १०४ वर्षांच्या आजीबाईंनी उडी घेतली.

एवढे वाचून आमचे मन अनुकूल झाले होते. मातोश्रींचा न्यायही पटत होता: जो आपल्याला घेऊन उडी मारतो तो त्याच छत्रीला लोंबकळतो, त्याहून मोठी हमी कोणती? आमच्या कचेरीत असे कधी घडत नाही. पुलाच्या मंजुरीवर सही करणारा त्या पुलावरून जाईलच असे नाही. येथे मात्र सही करणारा स्वतः उडी घेतो. नस्तीवर 'हरकत नाही' असा शेरा मारण्याच्या बेतात आम्ही होतो.

तेवढ्यात एक दुर्घटना वाचनात आली, आणि लेखणी थांबली.

कॅलिफोर्नियात लोडाय नावाचे गाव आहे, द्राक्षांचे आणि वाइनचे. ६ ऑगस्ट २०१६ रोजी तेथे अठरा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदाच उडी घेत होता. छत्र्या उघडल्या नाहीत. तो आणि त्याला बांधलेला तरुण प्रशिक्षक, दोघेही द्राक्षमळ्यात कोसळून ठार झाले. चौकशीत दिसून आले की त्या प्रशिक्षकाला जोडउडीचे रीतसर प्रमाणपत्रच मिळालेले नव्हते. ज्याने त्याला शिकवले त्याचे शिकवण्याचे अधिकार आधीच निलंबित झाले होते. आणि शिक्षण पुरे झाल्याच्या कागदांवर त्याने एका दुसऱ्या परीक्षकाची सही वापरली होती, तो परीक्षक तेथे हजर नसताना. २०२४ साली न्यायालयाने त्या शिकवणाऱ्यास दोषी ठरवले.

मंडळी, आम्ही ती हकीकत दोनदा वाचली. आईचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. तो प्रशिक्षक स्वतःचा जीव जपणारच होता. त्यालाही घर होते. त्याची निष्ठा खोटी नव्हती, त्याचा कागद खोटा होता. त्या दोघांच्या बरोबर एक तिसरा मनुष्य त्या विमानात होता, आणि तो विमानात नव्हता: न पाहिलेल्या गोष्टीखाली सही घालणारा.

येथे एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका कर्मचारी वसाहतीच्या कल्याण समितीवर आम्ही सदस्य होतो. इमारतींच्या पाहणीचा अहवाल द्यावयाचा होता. ज्येष्ठाचे ऊन, चार मजले, आणि वर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी. आम्ही खालीच उभे राहिलो. चौकीदार म्हणाला, "सब ठीक है साहब." विहित नमुन्यात 'टाकी व शिडी प्रत्यक्ष पाहिली, सुस्थितीत आहे' असे छापलेलेच होते. आम्ही त्याखाली सही केली. पुढे काही अपघात झाला नाही. म्हणूनच ती गोष्ट विसरलो होतो. लोडायच्या द्राक्षमळ्याने ती आठवण करून दिली.

त्यानंतर आम्ही मुलीला नकार दिला नाही. पण एक प्रश्नपत्रिका तयार केली. तीच आपल्या उपयोगासाठी सांगतो. पहिला प्रश्न: प्रशिक्षकाच्या उड्या किती, जोडउडीचे प्रमाणपत्र कोणी दिले आणि ते चालू आहे काय? अमेरिकन संघटना अशा प्रशिक्षकासाठी निदान ५०० उड्या आणि तीन वर्षांचा अनुभव मागते, हे प्रमाण डोळ्यांपुढे असावे. दुसरा: राखीव छत्रीची घडी कोणत्या दिनांकाची, आणि ते पत्रक पाहावयास मिळेल काय? तिसरा: आपोआप उघडणारे यंत्र बसवलेले व चालू आहे काय? चौथा: वारा किती झाला की उड्या बंद होतात, आणि त्या दिवशी भरलेल्या पैशांचे काय होते? पाचवा प्रश्न स्वतःस विचारावयाचा: पाठीचे, हृदयाचे, रक्तदाबाचे, कानाचे दुखणे लपवत तर नाही ना? वजनाला मर्यादा असते, साधारण शंभर किलोंच्या आतबाहेर. तेथे शरमेने खोटा आकडा लिहू नये. आणि विमापत्रातील बारीक अक्षरे वाचावीत. व्यक्तिगत अपघाताच्या अनेक विम्यांत साहसाचे खेळ वगळलेले असतात. आपल्या पर्यटन मंत्रालयाच्या प्रोत्साहनाने २०१८ साली साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत आकाशउडीचाही विचार आहे, तीही चाळावीत.

मुलगी म्हणाली, "बाबा, एवढे प्रश्न विचारायचे तर तुम्हीच चला." आणि मग पुढे म्हणाली, "आणि आलाच आहात तर उडी पण घ्या."

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पहाटे आम्ही दोघे निघालो. धारूहेडा, रेवाडी मागे पडले. नारनौल जुने गाव. तेथे १५९१ सालचा जलमहाल आहे आणि 'बिरबल का छत्ता' नावाचा भव्य वाडाही. छत्रीच्या शोधात निघालेल्या माणसाला छत्ता भेटावा, हा शुभशकुन मानून आम्ही पुढे गेलो. धावपट्टीवर पोहोचलो तो दाट धुके. दहापर्यंत ते विरले, निळे आकाश उघडले, आणि वारा सुटला. आम्ही अर्जावर सही केली. आयुष्यात असंख्य सह्या केल्या, पण 'यात मृत्यूही संभवतो हे मला ठाऊक आहे' अशा मजकुराखाली केलेली ही पहिलीच.

प्रशिक्षक एक निवृत्त सैनिक होते, मितभाषी. आम्ही प्रश्नपत्रिका पुढे केली. वाटले होते रागावतील. त्यांनी एकेक उत्तर दिले, राखीव छत्रीचे पत्रक स्वतः होऊन काढून दाखवले, दिनांकावर बोट ठेवले, आणि म्हणाले, "हे विचारणारे थोडे असतात. सगळे छायाचित्रांचे दर विचारतात." मग ते बाहेर जाऊन धावपट्टीवरील वारा दाखवणाऱ्या कापडी मोज्याकडे बराच वेळ पाहत राहिले. परत येऊन म्हणाले, "आज नाही."

दूरवरून आलेली पंधरा-वीस माणसे होती. पुष्कळांनी हुज्जत घातली. एकाने सांगितले, माझी सुट्टी आज संपते. एकाने दुप्पट पैसे देऊ केले. ते प्रत्येकाला हात जोडून तेच सांगत होते, "आज नाही." त्या क्षणी आम्हांला पिंपळगावच्या बंधूंची आठवण झाली. आभाळ भरले की तेही असेच उभे राहतात, आणि कितीही मजूर रोजंदारीवर येऊन बसलेले असोत, फवारणी थांबवतात. ज्याचे पोट आकाशावर अवलंबून असते, त्याला 'आज नाही' म्हणावयास यावे लागते. मनात आले, हाच मनुष्य. 'हो' म्हणणारे पुष्कळ भेटतील. ज्याच्या 'नाही'वर आपण विश्वास टाकला, त्याच्याच 'हो'वर उडी टाकावी.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. वारा नव्हता. प्रथम मुलगी गेली. तिची छत्री उघडून ती आकाशात रंगीत ठिपक्याएवढी दिसेपर्यंतचा काळ आम्ही कसा काढला, ते आईबापांना सांगावयास नको. ती उतरली, आणि आमचे नाव पुकारले गेले.

विमान लहान, आसने नाहीत, सगळे फरशीवर एकामागे एक. वर चढताना थंडी वाढत जाते. दर हजार फुटांना सुमारे दोन अंश उतरतात. प्रशिक्षकाने पट्टे आवळले, चारही आकड्या आम्हांला हाताने चाचपावयास लावल्या. दार उघडले. पाय बाहेर लोंबले, हात छातीशी, मान मागे त्यांच्या खांद्यावर, शरीर धनुष्यासारखे. सर्वांना जी भीती असते ती पोटात गोळा येण्याची. पण तो येत नाही. विमान आधीच वेगाने पुढे जात असते, त्यामुळे पाळण्यातल्यासारखा एकाएकी खड्डा पडत नाही. वाऱ्याचा लोंढा आपल्याला झेलतो आणि गर्जना करतो. आपण पडतो आहोत असे वाटत नाही. जग वर येते आहे असे वाटते.

मग एक हिसका, आणि अकस्मात शांतता. एवढी शांतता की प्रशिक्षक मागून बोलले तेव्हा दचकलो. खाली मोहरीची पिवळी शेते, मधून गव्हाची हिरवी चौकटे, एकीकडे ढोशीचा डोंगर. तीस वर्षे पहाडगंजच्या गल्ल्यांतून जाता-येता आम्ही आकाश पाहिले ते दोन छपरांमधली, विजेच्या तारांनी चिरलेली एक पट्टी म्हणून. पंधरा ऑगस्टला पतंग चढतात तेव्हा तेवढी मान वर व्हावयाची. आज त्या पट्टीच्या वरच्या अंगाला आम्ही होतो. न राहवून विचारले, "घरी कोण कोण आहे आपल्या?" ते म्हणाले, "दोन मुली. धाकटी दहावीला आहे." आणि म्हणाले, "आता पाय वर घ्या, उतरताना खाली टेकू देऊ नका." पाय वर घेतले, आणि बसल्या बसल्या हरियाणाच्या भूमीवर आलो.

घरी आल्यावर मातोश्रींना पहिली गोष्ट सांगितली ती दोन मुलींची. त्यांनी मान डोलावली. छायाचित्र नंतर पाहिले.

पुढल्या शनिवारी आम्ही त्या जुन्या वसाहतीत गेलो. समितीचे सदस्यत्व केव्हाच संपले होते. अधिकार काही नव्हता. नव्या कार्यवाहांची परवानगी घेऊन चार मजले चढलो आणि मग ती लोखंडी शिडी. वरच्या टोकाला शिडी भिंतीस धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक गंजून तुटलेला होता, दुसरा बोटाने हलत होता. टाकी साफ करणारी मुले वर्षातून दोनदा याच शिडीने चढतात. ते आम्ही सही केली तेव्हापासूनचे की नंतरचे, हे कळावयास मार्ग नाही. आणि तीच खरी शिक्षा आहे. आम्ही पाहिले असते तर आज कळले असते. लेखी कळवले, पाठपुरावा केला, शिडी नवी बसली. बसल्यावर पुन्हा चढून पाहिले.

दहा हजार फुटांवर आमचे गुडघे थरथरले नाहीत. त्या चौदा पायऱ्यांवर थरथरले.

मंडळी, आपण सर्व घरापासून दूर राहणारी माणसे. परक्या गावात मनुष्याने बिऱ्हाड थाटले की प्रत्येक गोष्टीत त्याला अनोळखी माणसाच्या पाठीशी पाठ लावावी लागते: घरमालक, शाळेचा मास्तर, रात्री दवाखान्याचे दार उघडणारा डॉक्टर. पन्नास वर्षांपूर्वी या मंडळाची पहिली वर्गणी ज्यांनी गोळा केली, त्यांनी एकमेकांच्या शब्दावर अशीच उडी घेतली असली पाहिजे. त्यांच्या पावतीपुस्तकांवर कोणीतरी प्रत्यक्ष पैसे मोजून सही केली, म्हणून आज हे सभागृह भरले आहे. दिवस पाहून, माणूस पारखून, कागद वाचून ज्यांना उडी घ्यावयाची असेल त्यांनी ती अवश्य घ्यावी. ज्यांना नको असेल त्यांनी खाली उभे राहून मुलांचे कौतुक करावे, त्यातही धैर्य लागतेच. आमची विनंती त्याहून लहान आहे. आपण कोणत्याही कचेरीत, शाळेत, बँकेत, या मंडळात, कागदाखाली सही करण्यापूर्वी एकदा शिडी चढून यावे. वर कोणाचे तरी मूल कोणाच्या तरी छातीला बांधलेले असते, आणि छत्री दोघांची एकच असते.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस शुभेच्छा देऊन, आणि कार्यवाहांना प्रकृती ठीक असल्याचे पुन्हा एकवार कळवून, आपली रजा घेतो.